गावाचं नाव

"ब्रॅनर," डस्टन आरशाला म्हणाला. "ब्रॅनर. ब्रॅनर."

मागच्या बाकावर टोबिन बास गिटारच्या तारा लावत होता. त्याने मान वर केली नाही. "लग्नात बायकोचं नावसुद्धा एवढं घोकलं नव्हतंस."

डस्टन केसांवर फवारा मारत राहिला. साठीतही त्याचे केस खांद्यापर्यंत येत होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक त्याचे स्वतःचे होते. बिबट्याच्या ठिपक्यांची घट्ट विजार त्याने श्वास आत ओढून चढवली होती. गाडीबाहेर, जत्रेच्या मैदानावर, डुकरांच्या स्पर्धेचा निकाल सांगत होते. तो संपला की यांचं गाणं.

तरुणपणी, बँड ऐन भरात असताना, ते ब्रॅनरच्या याच मैदानावर गायले होते. तेव्हा रोज नवं गाव असायचं. डस्टनने दोन्ही हात पसरून आरोळी ठोकली होती, "कसं काय, ओल्सबी!" ओल्सबी नदीपलीकडे. ब्रॅनरच्या पोरांना फुटबॉलमध्ये दर वर्षी लोळवणारं गाव. पहिलं गाणं अर्ध्यावर यायच्या आत दाणे खाऊन उरलेली मक्याची कणसं मंचावर येऊ लागली होती. ड्रमवाल्याचा चष्मा फुटला होता.

लोक आपली गाणी विसरले, याचं डस्टनला आता फारसं वाटत नसे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून जाताना ब्रॅनरची पाटी दिसली, की मात्र तो अजूनही खिडकीतून दुसरीकडे बघायचा. आज ते एकदाचं नीट करायचं होतं.

दार वाजलं. जत्रेच्या समितीची प्रमुख व्हर्ना लिंबू सरबताचा जग घेऊन आली होती. डस्टनच्याच वयाची, उन्हाने रापलेली बाई. एवढ्या उकाड्यातही तिने शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. डस्टन उठून उभा राहिला आणि त्या वेळच्या चुकीबद्दल बोलू लागला. तिने जग खाली ठेवला.

"मला नका सांगू. काय म्हणायचं ते माइकवर म्हणा. लोक त्यासाठीच आलेत."

ती न हसता निघून गेली.

"कणसं भाजायला टाकलीत," टोबिन खिडकीतून बघत म्हणाला. "दारूगोळा तयार आहे."

ते मंचावर चढले तेव्हा ऊन अजून उतरलं नव्हतं. डस्टनच्या पायाशी टोबिनने एक कागद चिकटवला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव होतं. समोर मैदान भरलं होतं. मंचावर चष्मा लावायचा नाही, हा डस्टनचा जुना नेम, त्यामुळे त्याला फक्त एक लांबलचक पिवळा पट्टा दिसत होता. त्याने कागद वाचला. पुन्हा वाचला. हात पसरले.

"कसं काय, ब्रॅनर!"

काहीच झालं नाही. कुणीतरी खोकलं. गोठ्यातून एक डुक्कर बोललं.

डस्टनने परत खाली बघितलं. नाव बरोबर होतं. पहिल्या रांगेत व्हर्ना कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"इतकी वर्षं वाट बघितली रे आम्ही," ती म्हणाली. "नीट म्हण की."

आणि तिने शर्टाची बटणं सोडली. आत पिवळा टी-शर्ट होता. त्यावर काहीतरी छापलेलं होतं.

"काय लिहिलंय?" डस्टनने माइकवर हात ठेवून विचारलं.

टोबिन डोळे बारीक करून एकेक रांग बघत गेला. मग त्याचे खांदे हलू लागले. "कसं काय, ओल्सबी," तो कसाबसा म्हणाला. "सगळ्यांच्या शर्टावर तेच आहे. त्या बाबागाडीतल्या बाळाच्यासुद्धा."

डस्टनने वाकून पायाजवळचा कागद उपटला, चुरगळून मागे टाकला, केस झटकले आणि पोटापासून सगळा जोर लावून ओरडला.

"कसं काय, ओल्सबी!"

मैदान उसळलं. म्हातारे खुर्च्यांवर चढले. नदीपलीकडूनही काही माणसं आली होती, आज तीही या आरोळीत सामील झाली. टोबिनने पहिला स्वर छेडला, पण तो कुणालाच ऐकू गेला नाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काहीतरी भिरभिरत आलं. डस्टनचा हात सवयीने तोंडासमोर गेला आणि ते नेमकं हातात बसलं. मक्याचं कणीस होतं. गरम, दाण्यांनी भरलेलं, आणि लोणी लावलेलं.