ओवलेली सुई

नवऱ्यामागे शिवणावर संसार ओढलेल्या आईने, दुकानात शेजारी बसून काजं-बटणं करणाऱ्या कारागिराशी लग्न करायचं म्हटलं, तेव्हा मुलगा कडाडला, "या वयात, आई? लोक काय म्हणतील? शेण घालतील माझ्या तोंडात!"

महिन्याभराने त्यानेच घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. ना चेहरे, ना गाणं. बाईच्या सुईतला दोरा संपला, की शेजारचा पुरुषी हात न बोलता ओवलेली दुसरी सुई पुढे करतो, एवढंच. लाखो लोकांनी पाहिलेला. खाली मुलाने लिहिलं होतं, "याला म्हणतात प्रेम! डोळे भरून आले."

आईने चष्मा पुसला आणि एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं.



"बाळा, तुझी झबली शिवलेले हात ओळखले नाहीस होय? सोमवारी अकराला आमचं नोंदणी लग्न आहे, आणि लोक काय म्हणतात ते व्हिडिओखाली तूच वाच."