केसभर आणखी

"थांबवू या आता," डॉक्टर म्हणाले. "हाड वाढतंय, पण नस म्हणजे काही रबर नाही. आज पाऊल वर उचलता येत नाहीये, उद्या कायमचं लोंबत राहील."

धाकटा खाटेवर पडून उजव्या पावलाकडे बघत होता. मघापासून तो बोटं हलवायला जात होता आणि बोटं काही ऐकत नव्हती. दोन्ही नडग्यांभोवती सळ्यांची चौकट होती. आतलं हाड मुद्दाम कापलेलं. रोज चावी फिरवायची, की हाडाचे तुकडे केसभर लांब सरकायचे आणि मधल्या फटीत नवं हाड धरायचं. उंच व्हायला धडधाकट पाय कापून घेतले होते पठ्ठ्यानं!

"अजून थोडं," तो म्हणाला.

"अहो, तेवढ्यानं काय होणार?"

"लांबून ओळखू येईल."

डॉक्टरांना काही कळलं नाही. कळणार तरी कसं? ते थोडेच जुळे होते!

थोरला याच्या काही मिनिटं आधी जन्मला, एवढाच काय तो फरक. बाकी एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. शाळेत एकाच्या खोडीचा मार दुसऱ्यानं खाल्ला. न्हावी म्हणायचा, "कालच तर कापले की!" तोवर सगळी गंमतच होती.

मग चष्म्याच्या दुकानात भिंगं घासता घासता धाकट्याची एका गिऱ्हाइकाशी ओळख झाली आणि तिच्यात तो पार गुंतला. एक दिवस ती थोरल्याला रस्त्यात भेटली. वडिलांच्या दुखण्याचं सांगता सांगता त्याचा हात धरून रडली.

"अरे, शेवटपर्यंत तिला पत्ता नाही," थोरल्यानं घरी येऊन सांगितलं. हसला तो, पण नेहमीसारखा पोट धरून नाही.

धाकट्याला हसू आलंच नाही. आपल्या जागी दुसरा उभा राहिला तरी चालतं, मग आपण आहोत तरी कशाला? त्यानं तिचे फोन घेणं सोडलं आणि परगावी प्रशिक्षण आहे अशी थाप मारून इथे आला. थोरला जमीन मोजणीच्या खात्यात. त्याचीही पाठोपाठ कुठेतरी लांब रवानगी झाली. आई फोनवर करवादायची, "दोघंही एकदमच उलथलात. घर खायला उठतं मला."

सकाळी नर्स येऊन सळ्यांभोवतीच्या जखमा पुसून जायची. मग दिवसभर खोलीत हा आणि छताचा पंखा. आठवण यायची ती थोरल्याचीच. कचकचून शिव्या घालणारं दुसरं होतंच कोण? एका संध्याकाळी न राहवून त्यानं फोन लावला.

"काय करतोयस?"

"पडलोय," थोरला म्हणाला. "दमलो जरा. तुझा आवाज का असा?"

"सर्दी."

"मलाही."

तरी फोन कुणीच ठेवेना. सगळं सांगून टाकावं असं धाकट्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं, फोन ठेवला आणि ढसाढसा रडला.

चावी मात्र तो फिरवतच राहिला.

चौकट निघाली तेव्हा उजवं पाऊल पार लुळं पडलं होतं. नस परत जागी झाली तर झाली, असं डॉक्टर म्हणाले. बुटात प्लास्टिकची पट्टी आणि बगलेत कुबड्या आल्या. आरशासमोर उभा राहून तो स्वतःकडे बराच वेळ बघत होता. पाय गेला हे खरं, पण हा उंच, लंगडा माणूस जगात दुसरा कुणी नाही, या विचारानं त्याला जरा बरं वाटलं.

घराचा जिना चढताना त्याच्या नाकी नऊ आले. आई किंचाळेल, ऊर बडवेल, मग काय सांगायचं ते त्यानं वाटेत घोकून ठेवलं होतं. त्यानं बेल दाबली.

आईनं दार उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे देवा! आत्ता तर तुला धरून धरून आत पलंगावर बसवलं, आणि लगेच कुबड्या घेऊन बाहेर कशाला कडमडलास?"