दुसरं रिव्हॉल्व्हर

“साहेब, घरच्या रिव्हॉल्व्हरच्याच बोअरचं घ्या. दोन्हींना तीच काडतुसं चालतील,” दुकानदाराने दोन प्रकार काचेवर मांडत सांगितलं.

निवृत्त फौजदार घोरपडे हसले. “आणि उद्या तीच काडतुसं बाजारातून गायब झाली, तर काय दोन्हींनी मिरच्या कुटायच्या?”

शेजारच्या स्टुलावर सुलभाबाई पर्स पोटाशी धरून बसल्या होत्या. पर्समध्ये बंदुकीचा परवाना होता. गॅस चालू ठेवून फिरायला जाणाऱ्या, नातवाला भावाच्या नावाने हाका मारणाऱ्या आपल्या नवऱ्याला दुसरं हत्यार हवंय कशाला, हे त्यांना घरी विचारवलं नव्हतं. पण इथे हुज्जत घालताना साहेबांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत लागला होता. उगाच घाबरलो आपण, असं सुलभाबाईंना वाटून गेलं.

“बरं, तुमचंच खरं. घरच्याच्याच बोअरचं द्या,” साहेब म्हणाले. मग बायकोकडे झुकून त्यांनी हळूच विचारलं, “अगं, आपलं घरातलं कुठल्या बोअरचं आहे?”

बावीस वर्षं ते त्यांच्याच कमरेला होतं.

सुलभाबाईंनी पर्सची चेन लावून टाकली. “अहो, आज अमावास्या. नवी वस्तू नको आज. पुढं बघू.”

बायकोच्या असल्या नेमांना साहेब जन्मभर हसत आले होते. आता मात्र निमूटपणे उठले. “खरंच की. अमावास्येला नको.”

आदल्याच रात्री दोघांनी गच्चीवर कोजागिरीचं दूध घेतलं होतं. चंद्र बघत बघत साहेबांनी दोनदा मागून घेतलं होतं.