पुसलेला अंगठा

विजापूरची गाडी आल्याशिवाय पुण्याची गाडी सोडू नये, यासाठी सिद्धप्पा सोलापूर स्टेशनालगत घरोघर सह्या, अंगठे गोळा करत होता. फाटकासमोरच्या नागव्वानं अंगठा शाईत बुडवून विचारलं, "मग हितं मुक्काम पडायचा न्हाय?" "न्हाय की, अव्वा! ह्या गाडीतनं उतरायचं, त्या गाडीत बसायचं. खोळंबा संपला!" नागव्वानं अंगठा पदराला पुसला. "लेकीला सासरचे माहेरी धाडत न्हाईत. जावयासंगं विजापूरहून पुण्याला जाताना गाडी चुकती, म्हणून तर एक रात माझ्याकडं निजती." सिद्धप्पा चक्रावला. मागणी तर रास्त होती. त्यानं कागदावरच्या सह्या पुन्हा मोजल्या. तेवढ्यात धूर सोडत विजापूरची गाडी आली. पुण्याची केव्हाच गेलेली. माणसं शिव्या देत फाटकाबाहेर पडली, एक पोर मात्र लेकराला कडेवर घेऊन "अव्वा!" म्हणत नागव्वाकडं धावली. सिद्धप्पानं शाईची डबी मिटली, उघडली, पुन्हा मिटली.