तिरकी रेघ

सरांनी फळ्यावर थोरल्या भावाच्या त्रिकोणावर तिरकी रेघ मारली, तेव्हा थोरला भाऊ शेवटच्या बाकावर बसला होता.

सरांना ते ठाऊक नव्हतं, त्यांची पाठ वर्गाकडे होती. भाऊ नुकताच आला होता. बाहेर खुर्ची नाही म्हणून शिपायानंच त्याला मागच्या दारानं आत बसवलं होतं. अंगात इस्त्रीचा शर्ट, मांडीवर दवाखान्याची फाइल, आणि कितीही घासली तरी न जाणारी नखांतली पांढऱ्या रंगाची कोर. आपल्या बारक्याला शिकवताना तो जन्मात पहिल्यांदा बघत होता. तोंड किंचित उघडं टाकून, कौतुकानं बघत होता.

"त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई," सर सांगत होते. "जोडणाऱ्या रेघा म्हणजे नाती. कुठल्याही समाजात जा, माणूस म्हणजे नुसता त्रिकोण नसतो. त्याला जोडलेल्या रेघा म्हणजे तो. आता हा मी."

मानववंशशास्त्राचा हा पहिला धडा सर दरवर्षी स्वतःच्याच घरावरून शिकवायचे. एकोणीस वर्षांपूर्वी, नोकरीतल्या पहिल्याच तासाला, कुणीतरी विचारलं होतं, "सर, तुमचे भाऊ काय करतात?" रंगारी आहे म्हणायला जीभ रेटेना. हातात खडू होताच. रेघ मारली, वर्ग हळहळला, प्रश्न मिटला. पुढच्या वर्षी प्रश्न यायच्या आधीच रेघ मारली. मग हाताला सवयच लागली.

सर वळले आणि त्यांना भाऊ दिसला. हातातला खडू पडला नाही, एवढंच.

भाऊ शेजारच्या मुलीकडे झुकला. हळू बोलणं त्याला जमायचं नाही, शिडीवरून खालच्या माणसाशी बोलण्यातच हयात गेली होती.

"पोरी, ती तिरकी रेघ कशाची गं?"

"वारलेल्या माणसाची, काका. ते सरांचे मोठे भाऊ. एकच भाऊ होता त्यांना."

भावानं फळ्यावरचा तो त्रिकोण एकदा नीट पाहून घेतला.

"अरेरे. कशानं गेला?"

"वरच्या वर्गातली मुलं म्हणतात, सर ते सांगत नाहीत. त्रास होतो त्यांना."

"होणारच," भाऊ म्हणाला. "पाठचा ना."

मुलगी भली होती. तिनं अदबीनं विचारलं, "तुम्ही कोणाला भेटायला आलात, काका?"

सगळा वर्ग मागे वळला. सरांनी तोंड उघडलं. 'हा माझा भाऊ', तीन शब्द. नातेसंबंधांवर दोन जाडजूड पुस्तकं लिहिलेल्या माणसाला तीन शब्द जड व्हायला नकोत. पण सर नुसता खडू बोटांत फिरवत राहिले. भावानं त्यांना तेवढी सवड दिली. मग तो उठला.

"कुणाला नाही गं. भिंती बघायला आलोय. रंग द्यायचाय ना."

फाइल त्यानं काखेत मारली, दवाखान्याचं नाव आतल्या बाजूला जाईल अशी. भिंतीवरून तळहात फिरवला, खरोखरीच काम मिळाल्यासारखा, आणि दाराशी जाऊन थांबला.

"चालू द्या, सर," तो म्हणाला.

ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्याला भावानं आज पहिल्यांदा अहो-जाहो केलं. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'दोन मिनिटं' असं काहीतरी पुटपुटून ते बाहेर धावले.

भाऊ जिन्याच्या पायरीवर बसला होता. दम लागला होता त्याला.

"दादा..."

"सही पाहिजे होती रे. उद्या सकाळी ऑपरेशन आहे, छातीचं. जवळच्या नातेवाइकाचीच लागते म्हणतात. तुला घरीच गाठलं असतं, पण म्हटलं, बारक्याचं कॉलेज तरी बघू एकदा."

सरांनी गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. खाली 'रुग्णाशी नाते' अशी रिकामी ओळ होती. तिथे 'भाऊ' लिहिताना खडूनं माखलेला अंगठा कागदावर उमटला. भावानं कागद लांब धरून वाचला.

"मेलेल्या माणसाच्या ऑपरेशनला सही चालते ना रे?" असं म्हणून तो हसलासुद्धा.

"दादा, चल आत. आत्ताच्या आत्ता सांगतो पोरांना. सगळ्यांसमोर."

"आज नको."

ते ऐकून सरांना हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. आणि एकोणीस वर्षांत जी लाज वाटायला हवी होती, ती सगळी त्या क्षणाची वाटली. तो चेहरा भावानं दुधाच्या दातांपासून पाहिलेला. त्याच्यापासून काय लपणार होतं?

त्यानं कागद नीट घडी करून फाइलीत ठेवला आणि कठड्याला धरून उठला.

"उद्या त्या टेबलावरून उठलो, तर सांग," तो म्हणाला. "नाही उठलो, तर तुझी रेघ आहेच. उगाच पोरांना दोनदा कशाला सांगायचं?"