हेल्स्टोचा ‘ह’

“नुसता ‘ह’ काढा म्हणतोय मी!” पाळक लव्हिबंड यांनी सभेच्या टेबलावर कागद पसरले. “हे बघा. नऊशे वर्षांपूर्वी राजानं गावं मोजली, तेव्हाचं नाव एल्फास्टो. पुढे एल्फ्स्टो, मग एल्स्टो. एल्फा नावाच्या माणसाचं ठिकाण. ‘ह’ कुठेच नाही.”

“मग आला कुठून?” लोहार जेम टगवेलनं विचारलं.

“तुमच्याच तोंडातून! हॅरीला अ‍ॅरी म्हणता, हॅमला अ‍ॅम. रेल्वेच्या कारकुनाला वाटलं, हे गावंढळ इथंही ‘ह’ गिळतात. त्यानं आपल्या पदरचा घातला आणि हेल्स्टो झालं. ‘हेल’मध्ये, म्हणजे नरकात राहतो म्हणून सांगायला लाज वाटते हो!”

हशा पिकला. जर्मन उतरले तर त्यांची वाट चुकावी म्हणून लढाईत इंग्लंडमधल्या गावोगावच्या पाट्या उपटल्या होत्या. आता तो धोका टळला होता, गावाची नवी पाटी रंगवायची होती.

डॉर्कस टपर तेवढी हसली नाही.

“‘ह’ राहू दे,” ती म्हणाली. “माझं पोर यायचंय. त्याला ठाऊक असलेलंच नाव पाटीवर हवं.”

तिचा रूबेन ब्रह्मदेशात जपान्यांच्या कैदेत होता. वर्षभर पत्र नव्हतं.

“अगं, रूबेन इथंच वाढला,” जेम म्हणाला. “डोळे बांधून सोडला तरी तुझ्या चुलीपाशी येईल. त्याला पाटी कशाला?”

डॉर्कसच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाळकांची नऊ शतकं तिथंच हरली. “बरं बाई, तो येईपर्यंत राहू दे,” ते पुटपुटले.

पाटी लागली. डॉर्कस रोज दुपारी तिथं जाऊन उभी राहायची. जीव नुसता रस्त्यावर टांगलेला.

नोव्हेंबरात रूबेन आला. नुसती हाडं उरली होती, पण आला. त्याला कवटाळून ती ओक्साबोक्शी रडली.

आठवड्यानं जेम ‘ह’ पुसायला ब्रश घेऊन गेला, तर डॉर्कस पाटीखाली उभी.

“आता काय गं? आला ना तुझा मुलगा?”

“रूबेन आला,” ती रस्त्याकडे बघत म्हणाली. “तू ब्रश ठेव, जेम.”

रूबेनच्या आधी नऊ वर्षं, लग्नाच्याही आधी, तिनं शहरातल्या अनाथाश्रमात एक तान्हं पोर सोडलं होतं. त्याच्या कागदावर आईचं नाव लिहू दिलं नव्हतं. फक्त गाव लिहिलं होतं, हेल्स्टो.