आईच्या झोपेचे तुकडे

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. तिच्या तब्येतीवर लक्ष राहावं म्हणून दादाने तिच्या मनगटावर फिटनेस बँड बांधला. पण बँडमध्ये तिच्या झोपेचे नुसते तुकडे दिसायचे, आणि दोन तुकड्यांच्या मधे लिहिलेलं असायचं, 'नृत्य'.

"अगं, झोपेत तू करतेस तरी काय?" दादाने विचारलं.

"मी? मी तर मेल्यासारखी झोपते!" आई म्हणाली. आणि हल्ली ती उठायची ती गुणगुणतच. गाल लाल, डोळ्यांत चमक.

आम्ही पट्टा घट्ट केला, बँड बंद करून पुन्हा सुरू केला, दुसऱ्या हातावर बांधून पाहिला. नृत्य काही थांबेना.

"बँडच बिघडलाय. तू घालून बघ म्हणजे कळेल," दादा मला म्हणाला.

म्हणून दुपारी आई झोपल्यावर बँड मी माझ्या हातात घातला आणि तिच्या उशाशी खुर्ची ओढून बसले. आई शांत पडली होती. चादरीची सुरकुतीसुद्धा हलत नव्हती.

मग झोपेतच ती खुदकन हसली आणि कुणाला तरी म्हणाली, "थांबा हो जरा, माझ्या लेकीलाही घेऊ."

माझ्या मनगटावर बँड थरथरला. 'नृत्य सुरू.'

माझे दोन्ही पाय फरशीवर टेकलेले मला दिसत होते. तरी कुणीतरी माझा हात धरून मला गर्रकन फिरवलं, आणि मी खळखळून हसले.